पाच मीटरच्या पवनचक्कीचा गिअरबॉक्स: रेशोच्या आधी ठरवायच्या गोष्टी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय धरून लिहितोय ते स्पष्ट होईल. सातारा जिल्ह्यात पाटणच्या बाजूला पठारावर तुमची जमीन आहे. ५ मीटर व्यासाचा, तीन पात्यांचा रोटर तयार आहे. ५ एचपीची, १४४० फेऱ्यांची थ्री फेज मोटर महावितरणच्या लाइनला जोडून जनरेटर म्हणून चालवायची आहे. मध्ये वेग वाढवायला गिअरबॉक्स हवा. भंगारात वेग कमी करणारे दोन मिळतायत: एक १:३० चा वर्म गिअरबॉक्स (आट्यांच्या दांड्याने चाक फिरवणारा), आणि दुसरा साखर कारखान्याच्या कन्व्हेयरवरून निघालेला, शाफ्टवर बसणारा १:५ चा. यातला एखादा उलटा लावला तर चालेल का, आणि नवा करायचा झाला तर रेशो आणि दाते कसे काढायचे, असं तुम्ही विचारलंय.

आधी सरळ उत्तर देतो. वर्म घेऊच नका. कन्व्हेयरचा बहुतेक चालेल, पण या मोटरवर नाही, सहा पोलच्या, म्हणजे कमी फेऱ्यांच्या मोटरवर. नवा करायचा तर दात्यांचा हिशेब संध्याकाळभरात होतो. पण छोट्या पवनचक्कीचे जे गिअरबॉक्स आमच्याकडे उघडायला येतात, त्यांत रेशो चुकला म्हणून बिघडलेला क्वचितच असतो. बिघडतो तो त्याच्यापर्यंत जे भार पोचायला नको होते ते पोचल्यामुळे. म्हणून मी भारापासून सुरुवात करतो, रेशो ओघात येईलच.

त्याच्याही आधी एक विचारतो: गिअरबॉक्स लागतोच का? १० किलोवॉटच्या आतल्या चक्क्यांत बहुतेक निर्माते तो टाळतात. अमेरिकेतल्या बर्गी कंपनीची १० किलोवॉटची चक्कीसुद्धा गिअरबॉक्सशिवाय, कायम चुंबकाच्या मंदगती जनरेटरवर थेट चालते. त्यात रोटरचा वेग वाऱ्याबरोबर कमीजास्त होतो, वाऱ्याचा झोत आला की तो आधी रोटरचा वेग वाढवण्यात खर्च होतो आणि शाफ्टवर धक्का कमी बसतो. तुम्ही बॅटरी भरणार असाल, किंवा सोलरसाठी इन्व्हर्टर आधीच घ्यायचा असेल, तर माझा स्पष्ट सल्ला आहे की गिअरबॉक्सच्या वाटेला जाऊ नका, ते पैसे जनरेटरमध्ये घाला.

गिअरबॉक्सला अर्थ येतो तो तुमच्यासारख्या मांडणीत: साधी इंडक्शन मोटर थेट लाइनला, इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाही, आणि मोटर जळली तर तालुक्याच्या गावातला वाइंडर ती भरून देतो. ही वाट जुनी आणि तावूनसुलाखून निघालेली आहे. डेन्मार्कमध्ये योहानेस युल यांनी १९५७ साली गेडसरला उभारलेली २०० किलोवॉटची चक्की याच तत्त्वावर होती: तीन पाती, लाइनला जोडलेला इंडक्शन जनरेटर, आणि जोराच्या वाऱ्यात पाती स्टॉल होऊन (हवेचा प्रवाह पात्यापासून सुटून उचल कमी होऊन) आपोआप मर्यादेत राहणारी शक्ती. या मांडणीची किंमत एकच, पण मोठी आहे. लाइनची फ्रिक्वेन्सी रोटरचा वेग बांधून ठेवते, त्यामुळे वाऱ्याचा प्रत्येक झोत टॉर्क बनून थेट दात्यांवर येतो.

आता आकडे घेऊ. ५ मीटर व्यासाला क्षेत्रफळ १९.६ चौरस मीटर. पठाराची उंची हजार-अकराशे मीटर आहे, म्हणून हवेची घनता समुद्रसपाटीची १.२२५ न धरता १.१ किलो प्रति घनमीटर धरतो. पात्यांची कार्यक्षमता ३५ टक्के धरू. वाऱ्यातून जास्तीत जास्त किती ऊर्जा काढता येते त्याची बेट्झची सैद्धांतिक मर्यादा ५९.३ टक्के आहे, घरी केलेल्या चांगल्या पात्यांना ३५ म्हणजे उत्तम. ११ मीटर प्रति सेकंद वाऱ्याला शाफ्टवर ५ किलोवॉट मिळतात. वारा ५ मीटरवर आला की उरतात ४७० वॉट, आणि ४ मीटरला फक्त २४०. शक्ती वाऱ्याच्या घनाने बदलते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गिअरबॉक्स निवडताना ते २४० वॉट हमखास विसरले जातात. त्यांच्याकडे पुढे येतो.

इथे एक गोष्ट तुम्ही सांगितलेली नाही: पाती कोणत्या टिप स्पीड रेशोला कोरली आहेत? पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या किती पट ठेवायचा, यावर सगळं अवलंबून आहे. तीन पात्यांना साधारण ६ असतो, तोच धरतो. तुमचा ५ किंवा ७ असेल तर पुढचे आकडे त्या प्रमाणात बदला.

बरेच जण ११ मीटरच्या वाऱ्याला ६ चा टिप स्पीड रेशो जुळवतात. त्यातून रोटरचे मिनिटाला २५० फेरे येतात. वेग बदलणाऱ्या चक्कीला ते बरोबर आहे. तुमची चक्की मात्र एकाच वेगाला बांधलेली असणार. २५० फेऱ्यांना टोकाचा वेग सेकंदाला ६५ मीटर होतो. मग ६ मीटरच्या वाऱ्यात तुमचं पातं ११ च्या रेशोवर फिरेल, म्हणजे हवा घुसळण्यापलीकडे फारसं काही करणार नाही. बांधलेल्या वेगाची चक्की जिथून वर्षभराची जास्तीत जास्त ऊर्जा येते त्या वाऱ्याला जुळवावी. तुमच्या पठारावर ती मुख्यतः जून ते सप्टेंबरच्या वाऱ्यातून येते. मी ९ मीटर प्रति सेकंद धरतो. टोकाचा वेग ५४, म्हणजे रोटरचे साधारण २०८ फेरे. वर ११ मीटरला टिप स्पीड रेशो ५ पर्यंत उतरतो आणि पातं हळूहळू स्टॉलकडे जातं, ते आपल्याला हवंच आहे.

आता मोटर. १४४० फेऱ्यांची चार पोलची मोटर जनरेटर म्हणून पूर्ण भाराला साधारण १५६० फेऱ्यांवर चालते. मोटर म्हणून ती १५०० पेक्षा जितकी मागे पडते, जनरेटर म्हणून तितकीच पुढे जाते. २०८ वरून १५६० म्हणजे गिअरबॉक्सचा रेशो साडेसात. एका टप्प्यात केला तर मोठं चाक साडेचारशे मिलिमीटरच्या घरात जातं. दोन टप्प्यांत केला तर आणखी एक शाफ्ट, आणखी दोन बेअरिंग आणि आणखी एक जागा जिथे ऊर्जा जाते. त्याऐवजी सहा पोलची मोटर घ्या. ती ९६० ची असते, जनरेटर म्हणून १०४० वर चालते, आणि रेशो होतो बरोबर ५. मोटर जड आणि महाग पडते हे खरं. पण गिअरबॉक्स निम्मा सोपा होतो, आणि वर टॉवरवर जाऊन दुरुस्त करायचा आहे तो गिअरबॉक्सच. शिवाय ५ एचपी पुरणार नाही, कारण ती ३.७ किलोवॉटची आहे आणि तुमचा रोटर ११ मीटरलाच ५ देतोय. झोतात टॉर्क मोटरच्या पुल-आउटच्या, म्हणजे ती पेलू शकेल त्या कमाल टॉर्कच्या, वर गेला तर मोटर रोटरला धरून ठेवू शकत नाही आणि रोटर उधळतो. ७.५ एचपी, सहा पोल, असं पक्कं धरा.

इतकं ठरलं की नेहमीचा टॉर्क निघतो: २०८ फेऱ्यांना ५ किलोवॉट म्हणजे २३० न्यूटन-मीटर. बहुतेक जण हा आकडा घेऊन कॅटलॉग उघडतात. तो आकडा डिझाइनचा नाही.

डिझाइनचा भार शोधायचा तर वाईटात वाईट काय घडू शकतं ते बघावं लागतं. तुमच्याकडे ते नेमकं काय आहे? आषाढातला वारा, रोटर पूर्ण भारावर, आणि लाइन गेली. त्या क्षणी मोटरचा विरोध संपतो. रिकामा रोटर ११ मीटरच्या वाऱ्यातच ४०० फेऱ्यांच्या पुढे जाऊ शकतो, आणि वेग दुप्पट म्हणजे पात्यांच्या मुळाशी केंद्रोत्सारी ताण चौपट. म्हणून लाइन गेली की आपोआप लागणारा ब्रेक हवाच: स्प्रिंगने लागणारा, विजेने उघडा राहणारा. हा प्रसंग वर्षातून एखाद्या वेळी नाही, पावसाळ्यात आठवड्यातून कितीदाही येऊ शकतो. ब्रेकला वाऱ्याच्या टॉर्कवर मात करून रोटर थांबवायचा असतो, म्हणून तो निदान दुप्पट टॉर्कचा, म्हणजे ४६० न्यूटन-मीटरचा लागतो. छोट्या चक्क्यांसाठीचं मानक आहे आयईसी ६१४००-२, रोटरचं क्षेत्रफळ २०० चौरस मीटरपर्यंत ते लागू होतं. त्यातल्या सोप्या पद्धतीतही जनरेटर शॉर्ट झाल्याचा टॉर्क, मोजलेला आकडा हाताशी नसेल तर, डिझाइन टॉर्कच्या दुप्पट धरायला सांगितलंय. मी अडीचपट धरतो: ५७५ न्यूटन-मीटर.

हा ब्रेक बसवायचा कुठे? मोठ्या चक्क्यांत तो वेगवान शाफ्टवर असतो, कारण तिथे टॉर्क कमी आणि डिस्क लहान. तुमच्या चक्कीत तो रोटरच्या बाजूच्या शाफ्टवरच बसवा. वेगवान बाजूला बसवलात तर प्रत्येक थांबवणीचा भार दात्यांतून जातो, थांबताना रोटर मागेपुढे झुलतो आणि बॅकलॅशमुळे (दात्यांमधल्या मोकळ्या फटीमुळे) दाते दोन्ही बाजूंनी आपटतात. त्याहून गंभीर म्हणजे, गिअर किंवा त्याला शाफ्टवर पक्कं धरणारी चावी तुटली तर रोटर आणि ब्रेक यांच्यात काहीच उरत नाही. ५ मीटरच्या रोटरला मंद बाजूवर मोठी डिस्क आणि मोटारगाडीचा कॅलिपर बसवणं अवघड नाही. महावितरणची परवानगी आणि लाइन गेल्यावर जनरेटर तोडणारा रिले यांची तडजोड करू नका. इंडक्शन जनरेटर कपॅसिटरवर स्वतःच्या बळावर चालू राहू शकतो, आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतू शकतं.

आता ज्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसलो तो मुद्दा: वाकवणारा भार.

वारा दिशा बदलतो, शेपटी चक्कीला वळवते, आणि त्याच वेळी रोटर फिरत असतो. फिरणारी वस्तू वळवली की ती काटकोनात प्रतिकार करते. तुमच्या रोटरचं जडत्व मी २० किलो-चौरस मीटर धरतो; पातं आठेक किलोचं असेल तर ते साधारण इतकं येतं, फायबरचं हलकं असेल तर कमी. चक्की सेकंदाला एक रेडियन, म्हणजे ५७ अंश, वळली तर शाफ्टवर वाकवणारा मोमेंट ४३५ न्यूटन-मीटर येतो. मानकातल्या सूत्राने शेपटीच्या चक्कीला या आकारात सेकंदाला सुमारे २.८ रेडियन धरावे लागतात, आणि मोमेंट जातो १२०० च्या वर. त्यात ६० किलोचा रोटर बेअरिंगच्या ३०० मिलिमीटर पुढे लटकतोय त्याचे पावणेदोनशे मिळवा. एकूण १४०० न्यूटन-मीटर. टॉर्क किती होता? २३०. म्हणजे शाफ्टवरचा वाकवणारा भार फिरवणाऱ्या भाराच्या सहापट होऊ शकतो. कारखान्यातल्या गिअरबॉक्सला आयुष्यात असा भार कधी दिसत नाही, त्याच्या कॅटलॉगमध्ये त्याचा कॉलमही नसतो.

रोटरचा हब थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चढवला की हा १४०० न्यूटन-मीटरचा मोमेंट गिअरबॉक्सच्या दोन बेअरिंगांमधून जातो. शाफ्ट केसाएवढा वाकतो, आणि तेवढ्याने चाकाचे दाते पिनियनला (जोडीतल्या लहान गिअरला) तिरके लागतात. असा गिअरबॉक्स उघडला की खूण लगेच दिसते. चाकाच्या दात्याच्या एका टोकाला बोटभर रुंदीत खड्डे पडलेले असतात, कडा काळपट आणि खरखरीत, आणि उरलेला दाता हॉबिंगच्या (दाते कापतानाच्या) रेषा दिसाव्यात इतका नवा. पन्नास मिलिमीटरच्या दात्यातले पंधरा मिलिमीटरच सगळं काम करत असतात. मालक म्हणतो मटेरियल हलकं निघालं, गिअर कापणारा म्हणतो हीट ट्रीटमेंट बिघडली. मी अशा वेळी आधी हब कशावर बसलाय ते विचारतो.

उपाय एकच, आणि तो मोडू नका. रोटरला स्वतःचा मुख्य शाफ्ट द्या, दोन बेअरिंगांवर. पुढचं बेअरिंग जागेवर पक्कं, अक्षीय भार घेणारं, मागचं तापमानाने सरकू शकणारं. प्लमर ब्लॉकमधली स्फेरिकल रोलर बेअरिंग इथे चांगली जमतात. रोटरला मागे ढकलणारा वाऱ्याचा जोर, जो ११ मीटरला १ किलोन्यूटन असतो आणि २५ मीटरच्या झोतात रोटर फिरत असेल तर ५ च्या वर जातो, तो पुढच्या बेअरिंगने घ्यायचा. शाफ्ट ५० मिलिमीटरचा केलात तर १४०० न्यूटन-मीटरला ताण ११४ एमपीए येतो, ६५ चा केलात तर ५२. खांद्याशी आणि चावीच्या खाचेशी हा ताण दुपटीच्या आसपास जातो, आणि शाफ्ट फिरत असल्याने तो दर फेऱ्याला उलटसुलट होतो. म्हणून ६५, ईएन २४ या मिश्र पोलादात, खांद्याला मोठी त्रिज्या देऊन.

मग गिअरबॉक्स या शाफ्टच्या मागच्या टोकावर पोकळ शाफ्टने लटकवायचा, आणि तो फिरू नये म्हणून एक टॉर्क आर्म रबर बुशमधून चौकटीला बांधायची. गिअरबॉक्सला पाय देऊन तोही चौकटीला घट्ट बोल्ट करू नका. दोन मुख्य बेअरिंग आणि गिअरबॉक्स असे तिन्ही एका रेषेत राहतील इतकी वेल्ड केलेली चौकट सरळ नसते, आणि टॉवरवर ती भाराने लवतेही. ४५० मिलिमीटरच्या आर्मवर ५७५ न्यूटन-मीटरला साधारण १३० किलोचा भार येतो, बुश आणि पिन त्याप्रमाणे घ्या. रबराची थोडी लवचीकता झोताची धारही कमी करते.

म्हणूनच कन्व्हेयरचा तुमचा १:५ चा गिअरबॉक्स मला आवडला. तो मुळात याच पद्धतीने लटकवायला केलेला आहे. घेण्याआधी मात्र इतकं बघा. नेमप्लेटवरून त्याची पोकळ शाफ्टवरची टॉर्क क्षमता ५७५ च्या वर आहे का? पोकळ शाफ्ट ६५ चा आहे का, की बुश घालावा लागेल? आत बॅकस्टॉप आहे का? कन्व्हेयर भरलेला असताना मागे येऊ नये म्हणून तो घातलेला असतो, त्यामुळे गिअरबॉक्स एकाच दिशेने फिरतो. हाताने फिरवून दिशा पाहा आणि टिपून ठेवा, कारण तिचा एक फायदा आहे. कन्व्हेयरवर पिनियन चाकाला ढकलत होतं, तुमच्याकडे चाक पिनियनला ढकलणार. फिरण्याची दिशा तीच ठेवली तर भार दात्यांच्या दुसऱ्या, न वापरलेल्या बाजूवर येतो. दिशा उलटवली तर झिजलेलीच बाजू पुन्हा कामाला लागते. तुमच्या पात्यांची दिशा या दिशेशी जुळली तर नशीब चांगलं. बॅकस्टॉप नंतर काढून टाका. शेवटचं, झाकण उघडून दात्यांना निळा रंग लावा आणि हलका भार देऊन फिरवा. ठसा दात्याच्या निदान दोन तृतीयांश रुंदीवर, मधोमध उमटला पाहिजे.

वर्मचं कारण थोडक्यात. १:३० च्या एकेरी वर्ममध्ये आट्याचा कोन इतका कमी असतो की चाकाकडून फिरवायला गेलात तर घर्षण त्याला जागेवर धरून ठेवतं. लिफ्टसाठी आणि गेटसाठी हा गुण आहे. तुमचा रोटर तो गिअरबॉक्स हलवूही शकणार नाही.

नवा करायचा असेल तर माझा आराखडा असा. एकच टप्पा, हेलिकल (तिरक्या दात्यांचा). पिनियन १९ दाते, चाक ९६, रेशो ५.०५. दोन्हींत सामाईक भाजक नाही, त्यामुळे प्रत्येक दात्याला समोरचे सगळे दाते भेटतात आणि झीज सारखी होते. १९ ला ९५ घेतले असते तर तेच पाच दाते त्याच दात्यावर पुन्हा पुन्हा आले असते. नॉर्मल मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) ३, हेलिक्स (दात्याचा तिरकेपणा) १६.६ अंश, म्हणजे सेंटर अंतर नेमकं १८० मिलिमीटर बसतं. चाकाचा बाहेरचा व्यास ३०६ च्या आसपास. फेस, म्हणजे दात्याची रुंदी, ५० मिलिमीटर.

आता तपासू. नेहमीच्या भाराला पिनियनच्या पिच वर्तुळावर १.५ किलोन्यूटन बल येतं. दात्याच्या मुळाशी ताण अडीचपट टॉर्कलाही ८० एमपीएच्या आसपास राहतो, म्हणजे दाता मोडण्याची भीती नाही. ठरवणारी गोष्ट पृष्ठभागावरचा संपर्क ताण आहे. तो नेहमीच्या भाराला सुमारे ३७० एमपीए, आणि अडीचपट टॉर्क व गतिकीय गुणक लावून ७२० च्या घरात येतो. ईएन २४ तीनशे ब्रिनेलपर्यंत कडक करून मग हॉब केला तर पहिल्या आकड्याला तो निवांत पुरतो, दुसऱ्याला काठावर. म्हणून पिनियन २० एमएनसीआर ५ या पोलादाचा, केस हार्डन (फक्त वरचा थर कडक) करून ग्राइंड केलेला, आणि चाक ईएन २४ चं, असं मी करतो. पिनियन लहान असल्याने ग्राइंडिंगचा खर्च आटोक्यात राहतो, आणि चाकाला हार्डनिंगनंतरच्या वाकडेपणाचा त्रास नाही. अखेरचा हिशेब आयएसओ ६३३६ या गिअरच्या मानकाप्रमाणे करून घ्या, माझा हा पहिला अंदाज आहे. गिअर कापणाऱ्याला हा वेग वाढवणारा गिअरबॉक्स आहे हे आवर्जून सांगा. सवयीने पिनियनला मोठी धन प्रोफाइल शिफ्ट (दाता बाहेरच्या बाजूला सरकवून कापणं) दिली जाते, ती वेग कमी करणाऱ्या पेटीला शोभते. इथे ती बेताची ठेवावी लागते, नाहीतर दाते भिडतानाचं घर्षण वाढतं.

हा सगळा आटापिटा कशासाठी, तर फेऱ्यांसाठी. वर्षाला ३००० तास आणि २० वर्षं धरली तर चाकाचा प्रत्येक दाता ७५ कोटी वेळा भार घेतो, पिनियनचा त्याच्या पाचपट. मोटारगाडीचा गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियल वापरावा का असं बरेच जण विचारतात. पूर्ण टॉर्कवर तो आयुष्याचा फार थोडा भाग घालवतो, हे त्याचं उत्तर.

बेअरिंगच्या बाबतीत एक गोष्ट उलटी वाटेल: मोठं म्हणजे चांगलं नाही. वेगवान शाफ्टवर ‘असू दे भक्कम’ म्हणून मोठं रोलर बेअरिंग घातलं, तर मंद वाऱ्यात त्याच्यावर इतका कमी भार असतो की रोलर फिरण्याऐवजी घसरतात आणि ट्रॅकवर पुसट राखाडी पट्टा उमटतो. रोलर बेअरिंगला त्याच्या डायनॅमिक क्षमतेच्या निदान २ टक्के भार कायम हवा, बॉल बेअरिंगला १ टक्का. म्हणून पिनियनच्या शाफ्टवर मी डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग सुचवतो, हेलिकलचं अक्षीय बल ते सहज घेतात. दुसरी काळजी मंद वाऱ्याच्या महिन्यांची. ऑक्टोबरनंतर वारा पडला की अनेक जण ब्रेक लावून रोटर बांधून ठेवतात. टॉवर हलत राहतो, रोटर आहे तिथेच बारीक थरथरतो, रोलर आणि ट्रॅक यांच्यामधलं तेल निघून जातं आणि बरोबर रोलरच्या अंतरावर खाचा पडतात. कामाची वेळ नसेल तेव्हा रोटर संथ फिरू द्या.

आता ते २४० वॉट. गिअरबॉक्सचा रिकामा ओढा, म्हणजे सील, तेल घुसळणं, बेअरिंग, हा वाऱ्याबरोबर कमी होत नाही. तो १०० वॉट असेल तर ४ मीटरच्या वाऱ्यात पाती जास्तीत जास्त जे देऊ शकतील त्यातलेही ४० टक्के तिथेच जातात, ११ मीटरला त्याची जाणीवही होत नाही. म्हणून तेल भरताना हात आखडता घ्या: चाकाचा दाता दोन-तीन दात्यांच्या उंचीएवढा बुडाला की पुरे. भंगारातली पेटी वेगळ्या कोनात बसत असेल तर तेलाची पातळी आणि ब्रीदरची (हवा आत-बाहेर जाण्याच्या छिद्राची) जागा नव्याने ठरवावी लागते, जुन्या खुणेवर विसंबू नका. तेल व्हीजी २२० ईपी (घट्टपणा २२०, जास्त दाब सोसणारं गिअर तेल); पठारावर जानेवारीच्या पहाटे ते फार घट्ट होतं, परवडत असेल तर सिंथेटिक घ्या. घट्ट सील वेगवान शाफ्टवर जास्त महाग पडतो, कारण तिथला विरोध रोटरकडून पाहिलं तर पाचपट होतो.

पावसाळ्यात पेटी चालताना तापते, थांबली की गार होते, आणि ब्रीदरमधून ओली हवा आत ओढते. चार महिन्यांत तेल दुधाळ होतं. सिलिका जेलचा ब्रीदर लावा, ड्रेन प्लग चुंबकाचा घ्या, आणि पहिलं तेल २००–३०० तासांतच बदला. सुरुवातीची धातूची पूड त्यातच निघून जाते. दात्यांचा सूर १०४० फेऱ्यांना ३३० हर्ट्झच्या आसपास येतो आणि पोकळ टॉवर तो वाढवतो. घर जवळ असेल तर रात्रीच्या या गुणगुणीचा विचार आत्ताच करा, चाकसुद्धा ग्राइंड करून घ्यायचं की नाही ते त्यावर ठरेल.

तुम्ही मला तीन गोष्टी कळवल्यात तर हे आकडे पक्के करता येतील: पात्यांचा टिप स्पीड रेशो, एका पात्याचं वजन आणि त्याचा तोल कुठे साधतो ते अंतर, आणि तुमची चक्की जोराच्या वाऱ्यात फक्त स्टॉलवर अवलंबून आहे की शेपटी दुमडून रोटर बाजूला होतो ते. दुमडणारी शेपटी असेल तर वळण्याचा वेग आणि पर्यायाने १४०० चा आकडा बदलेल.

तोवर पेटी वर चढवण्याआधी जमिनीवर एक चाचणी कराच. मोटर जोडून, तेल भरून, मुख्य शाफ्ट बेअरिंगसकट बसवा. शाफ्टला १ मीटर लांबीची पट्टी आडवी बांधा, दुसऱ्या बाजूने तिचा तोल साधून घ्या, आणि टोकाला अर्धा किलो वजन लटकवा. तेवढ्यावर शाफ्ट हलला तर विरोध ५ न्यूटन-मीटरच्या आत आहे आणि ४ मीटरच्या वाऱ्यात रोटर आपला आपण सुटेल. १ किलोपर्यंत लागत असेल तरी चालवून घेता येईल, फक्त रोटर थोड्या जास्त वाऱ्याला सुटेल. दीड-दोन किलो लटकवूनही शाफ्ट जागचा हलत नसेल, तर आधी वेगवान शाफ्टचा सील आणि बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) तपासा, नंतर कपलिंगची सरळ रेष. ही चाचणी सकाळी लवकर, तेल गार असताना करा.